रोहिणीचे पाणी आणि मालवणचा समुद्र

समुद्रातले मासे आणि प्रवाळ वाचविण्यासाठी सरकारने कायदा केला, तर तो माणसांवर किती कठोरपणे चालवावा? आणि प्रथम कोणावर चालवावा? धम्मचर्चेच्या या पाक्षिकात असा प्रश्न पाहून काहींना नवल वाटेल. मासेमारी हा गाबितांचा, कोळ्यांचा, भंडाऱ्यांचा, दालदी मुसलमानांचा धंदा. आपला समाज कोकणात पिढ्यान्‌पिढ्या लाटांचा आवाज ऐकत झोपला खरा, पण माझ्या पाहण्यात तरी आपल्यात नौकेचा मालक क्वचितच आढळतो. मग दुसऱ्यांच्या जाळ्यांचे भांडण आपण का सोडवावे?

याचे उत्तर असे की कायदा लिहिला जातो एका ठिकाणी आणि चालतो दुसऱ्या ठिकाणी, या दोहोंमधल्या अंतरात आपल्या बापजाद्यांचे आयुष्य गेले आहे. ते अंतर आपल्याइतके कोणी मोजलेले नाही. म्हणून जिथे जिथे ते दिसेल तिथे बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे. दुसरे असे की पहिले शील रोज म्हणणाऱ्याला जलचर प्राण्यांविषयी मत नाही, असे म्हणून चालावयाचे नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मालवणच्या किनाऱ्यासमोर सिंधुदुर्ग किल्ला आहे, त्याच्याजवळ पद्मगड आहे. त्यांच्या भोवतीचा सुमारे २९.१२ चौरस किलोमीटरचा टापू १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र ठरला. आधार होता वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याचा. त्या पाण्याखाली खडक आहेत, खडकांवर प्रवाळ आहे, समुद्री शेवाळ आहे. या आडोशाला मासे अंडी घालतात, पिल्ले तिथेच थोडी मोठी होतात आणि मग बाहेरच्या समुद्रात जातात. तेव्हा हा टापू राखला तर तो केवळ माशांवर उपकार नव्हे. शेतकरी बियाण्याची कणगी राखतो तसाच हा प्रकार आहे. ज्या घरात बियाणे खाऊन टाकतात त्या घरात पुढच्या वर्षी काय शिजते, हे सांगावयास नको.

म्हणजे कायद्याचा हेतू चांगला होता. पण हेतू चांगला असलेला कायदा किनाऱ्यावर कसा उतरला? रापण ओढणाऱ्यांना, डोलकाठीच्या होड्यांवर जाणाऱ्यांना कोणी आधी विचारले नाही. तो समुद्र त्यांच्या आज्यापणज्यांनी ओळखलेला, कुठल्या खडकापाशी कोणत्या महिन्यात कोणती मासळी येते हे त्यांना पाठ. त्यांना एके दिवशी कळले की आपण ज्या पाण्यात उभे आहोत ते आता अभयारण्य आहे. पाण्याला कुंपण नसते. हद्द नकाशावर असते, आणि नकाशा असतो कचेरीत. माझ्या वर्गात रापणकरांची मुले आहेत. शब्दांची फोड शिकवताना फळ्यावर ‘अभयारण्य’ हा शब्द लिहिला, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, अभय म्हणजे भय नाही ना? मग हे नाव काढले की आमच्याकडे सगळे घाबरतात कशाला?” व्याकरणाच्या तासाला त्याचे उत्तर नव्हते.

स्थानिकांनी विरोध केला, आणि सरकारनेही पुढे फारसे काही केले नाही. अभयारण्य बहुतांशी कागदावर राहिले. ते कागदावर राहिले म्हणून गरिबाचा फायदा झाला का? इथेच खरा विचार करावयास हवा.

रापण म्हणजे काय, हे देशावरच्या वाचकांसाठी सांगतो. होडीने जाळे समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून बरीच माणसे मिळून ओढतात. मिळालेल्या बांगड्याचे, तारलीचे वाटे पडतात. जाळे किनाऱ्याच्या पुढे फार दूर जात नाही; जे मासे जवळ येतील तेच मिळतात. याच्या उलट ट्रॉलर. तो समुद्राचा तळ खरवडत जाळे ओढतो, त्यात हवे ते आणि नको ते, मोठे आणि बोटाएवढे, सारेच येते. पर्ससीन जाळे मासळीच्या सबंध थव्याला वेढा घालते आणि बटव्याची दोरी ओढावी तसे खालून तोंड आवळते. त्यात एलईडी दिव्यांची भर पडली. रात्रीच्या अंधारात पाण्यावर झगझगीत प्रकाश पाडला की लांबलांबची मासळी आपण होऊन गोळा होते. मासा शोधण्याची मेहनतही उरली नाही.

यांना आवर घालणारे कायदे नाहीत असे मुळीच नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्या महिन्यांपुरती ठेवली गेली आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणावयाचे ठरले. एलईडीच्या मासेमारीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ साली राज्याने कायदा दुरुस्त करून दंड लाखांच्या घरात नेला. २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने नजर ठेवण्यास सुरुवात झाली. कागद भरपूर आहे. तरी पारंपरिक मच्छिमार रस्त्यावर का येतात, मध्यरात्री समुद्रात दिसणाऱ्या दिव्यांबद्दल तक्रारी का करीत राहतात?

कारण कायद्याचे हातही माणसाच्या हातासारखेच असतात. जवळचे आधी सापडते. किनाऱ्यालगतची लहान होडी दिवसाउजेडी दिसते, तिचा मालक गावातला असतो, त्याचे नाव, घर, आडनाव ठाऊक असते. मोठी नौका रात्री येते, गस्तीनौकेपेक्षा जोरात पळते, आणि पकडली गेली तरी तीवर सापडतात तांडेल आणि खलाशी. ते बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातले किंवा परप्रांतातले, रोजावर नाहीतर हंगामी पगारावर आलेले. ज्याच्या पैशाने ती नौका पाण्यात उतरली तो आपल्या घरी असतो. मी हे कोणा एका अधिकाऱ्यावर आळ घेण्यासाठी लिहीत नाही. प्रामाणिक अधिकारीही याच रचनेत काम करतो, आणि ही रचना त्याला सोप्या सावजाकडे ढकलते. शिवाय दंडाची रक्कम दोघांना सारखी लावली तरी दंड सारखा होत नाही. एकाच्या वहीत तो धंद्याचा खर्च म्हणून लिहिला जातो, दुसऱ्याची होडी विकली जाते. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. कायद्याच्या अंमलबजावणीतही अशी श्रेणी असते, फक्त तिला ग्रंथाचा आधार लागत नाही.

याहून मोठे माप पाहावयाचे तर डहाणूकडे पाहावे. ते अभयारण्य नव्हे, पण नियम राखण्याचा प्रश्न तोच आहे. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. तिथल्या वाढवणला बंदर नको, असा निर्णय तालुक्यासाठी नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ साली दिला. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली परवानगी दिली, आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला मान्यता दिली. मच्छिमारांचा विरोध तेव्हाही होता, आजही आहे. बंदर हवे की नको हा वाद मी इथे घेत नाही. मला एवढेच दिसते की तालुका तोच, समुद्र तोच. लहान माणसापुढे नियम भिंतीसारखा उभा राहतो आणि मोठ्या भांडवलापुढे त्याला दार फुटते.

हे सारे पाहून आपल्यातले काही तरुण म्हणतात, ही अभयारण्ये, हे प्रवाळ, ही कासवे म्हणजे भरल्या पोटाच्या लोकांची हौस आहे. गरिबाने हे नियम मानूच नयेत. त्यांचा राग मला समजतो. मात्र त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सांगण्यासाठी महाडला जावे लागेल.

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे नियम होता, तोही आपल्या बाजूचा. पण पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्याने त्या तळ्याच्या पाण्याला हात लावला नाही, कारण नियम चालविणारे कोणी नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तो नियम स्वतःच्या ओंजळीने चालवून दाखविला, तेव्हा परिषदेला आलेल्या आपल्या माणसांची डोकी फुटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल मिळावयास १९३७ साल उजाडले. आता सांगा, नियम ढिला पडला की कोणाचे फावते? तळ्याकाठी ज्याची सत्ता होती त्याचे फावले. समुद्राकाठीही तेच होणार. अभयारण्य कागदावर राहिल्याने रापणकर वाचला नाही. त्याच्या समोरच्या खडकांपर्यंत मोठी जाळी आली, आणि पर्यटकांच्या होड्यांचे नांगरही आले. प्रवाळावर नांगर पडला की ते मोडते, आणि पुन्हा वाढावयास त्याला वर्षानुवर्षे लागतात. मासळी संपली तर पर्ससीनवाला पैसा दुसऱ्या धंद्यात घालील. रापणीचा दोर ओढणाऱ्याला दुसरा धंदा नाही.

तेव्हा नियम हवा, आणि तो चालला पाहिजे. पण कसा, हे धम्माला विचारू.

पहिले शील पाळणाऱ्याने मासेमारी बंदच करावी असे म्हटले पाहिजे, असा पेच कोणी घालील. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना हा पेच सोडविला आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत त्यांनी फरक केला. बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे त्यांनी दाखविले. तत्त्व माणसाला विचार करावयास लावते, परिस्थिती तोलावयास लावते. हा फरक समुद्रावर लावून पाहा. घरच्या चुलीसाठी आणि गावच्या बाजारासाठी जाळे टाकणारा गरजेने मारतो. दिवे पेटवून सबंध थवा गोळा करणारा, त्यातली अर्धी अपुरी पिल्ले खताच्या भावाने विकणारा गरजेने मारीत नाही. तिथे तृष्णा आहे, आणि तृष्णेला भरती असते पण ओहोटी नसते. कायद्याने हा फरक ओळखला पाहिजे. दोघांनाही ‘मासेमार’ या एकाच शब्दात बांधणे म्हणजे न्याय नव्हे. आणि मासेमाराच्या जातीला पापी ठरविण्याचा उद्योग तर आपण करूच नये. थेरगाथेत ज्यांच्या गाथा आहेत ते यशोज थेर मासेमारांच्या वस्तीत जन्मले होते, असे अट्ठकथा सांगते. तथागतांच्या संघाने त्यांचे कूळ पाहिले नाही.

नियम कसा करावा, याचा धडा विनयात आहे. सध्या वर्षावास म्हटला की आपल्या विहारांतून ग्रंथवाचन चालते. पण वर्षावासाचा नियम झाला कसा? लोकांनी तक्रार केली की हे भिक्षू भर पावसाळ्यात फिरतात, हिरवे गवत तुडवितात, लहान लहान जीव पायाखाली मारतात. तथागतांनी ती तक्रार ऐकली आणि पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घातला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आणि आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची जी मासेमारी बंदी असते, ती यांचे नाते लांबचे नाही. दोहोंतही जीव वाढण्याच्या ऋतूत माणसाने आपला पाय आवरावा, अशी अपेक्षा आहे. या बंदीतून पारंपरिक बिगरयांत्रिक होड्या वगळल्या आहेत, हे मला योग्य वाटते. वर्षावासातही तातडीच्या कामासाठी सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची मुभा भिक्षूला दिलेली होती. नियम करणाऱ्याला माणसाच्या अडचणी ठाऊक होत्या.

विनयातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्याच्या कृत्यावरून एखादा नियम प्रथम घालून दिला गेला, त्याला त्या नियमाखाली दोषी धरीत नाहीत. पालीत त्याला आदिकम्मिक म्हणतात. नियम होण्यापूर्वी जे केले त्याची शिक्षा नाही. मग ज्या पाण्यात माणसाचा आजा मासे मारीत होता, ते पाणी एके दिवशी राखीव ठरले म्हणून नातू दुसऱ्या दिवशी गुन्हेगार कसा होतो? त्याला आधी सांगावयास नको? दुसरी वाट दाखवावयास नको? आपल्या कायद्यालाही हे पुढे उमगले. १९९१ साली वन्यजीव अधिनियमात दुरुस्ती झाली. किनाऱ्यालगतच्या समुद्रात अभयारण्य करावयाचे तर स्थानिक मच्छिमारांच्या व्यवसायाच्या हिताचे रक्षण करणारे पुरेसे उपाय आधी योजावेत, असे तिच्यात आले. ही दुरुस्ती मालवणच्या घोषणेनंतर चार वर्षांनी झाली. मालवणच्या रापणकराला ती मागाहून का लागू करू नये, असे विचारावयास हरकत नाही.

आता रोहिणीकडे येतो. सिद्धार्थ गौतमाने घर का सोडले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून नव्हे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला, शाक्य संघाने युद्ध ठरविले, सिद्धार्थाने विरोध केला. बाबासाहेबांनी ही हकीकत ग्रंथाच्या आरंभीच घातली आहे. आपण ती परिव्रज्येची कथा म्हणून वाचतो. पण ती पाण्याच्या वाटपाची कथाही आहे. सिद्धार्थाने नुसते ‘युद्ध नको’ म्हटले नाही. त्याने उपाय सुचविला: आपल्यातले दोघे निवडा, कोलियांना त्यांच्यातले दोघे निवडू द्या, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी तंटा मिटवावा. निवाडा करणाऱ्यांत ज्याच्याविरुद्ध निवाडा होऊ शकतो त्याचीही माणसे हवीत, असा याचा अर्थ होतो.

मालवणला हा उपाय का लागू होऊ नये? वन खाते, मत्स्यव्यवसाय खाते आणि शास्त्रज्ञ यांनी खुशाल बसावे. त्यांचे ज्ञान खरे आहे, ते नाकारणे म्हणजे अंधश्रद्धा होईल. पण त्यांच्या शेजारी रापण ओढणारा हवा, आणि नौकेचा मालक नसलेला खलाशी हवा. मासळी विकणारी बाई तर हवीच. मासळी कमी झाल्याचे पहिल्याने तिच्या टोपलीला कळते, आणि बैठकीचे बोलावणे मात्र तिला शेवटी येते, बहुधा येतच नाही. हद्द कुठून कुठे, कोणत्या महिन्यांत कोणते जाळे बंद, बंद महिन्यांत चूल कशी पेटावयाची, हे त्यांनी मिळून ठरवावे. ठरल्यावर ते सर्वांवर चालावे. रापणकरानेही मोडले तर त्यालाही दंड व्हावा, यात मला संकोच नाही. स्वतःच्या तोंडाने कबूल केलेला नियम मोडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

यात वेळ जाईल आणि तोवर मासे संपतील, असा आक्षेप निघेल. तो खोटा नाही. पण थांबावयाचे कोणी, हा प्रश्न उरतोच. बैठका चालू असताना एलईडीच्या दिव्यांना थांबविता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, २०१७ ची बंदी पुरेशी आहे. नौका पकडली की खलाशाच्या आधी मालकाला बोलावता येते. मोठ्या नौकेपासून सुरुवात केली आणि मग लहान होडीपाशी आले, तर लहान होडीवाला नियमाला शत्रू समजणार नाही, असा माझा अंदाज आहे. आजवर हा क्रम उलटा राहिला, म्हणून ‘अभयारण्य’ म्हटले की गाव बिथरते.

आपल्या वस्तीतल्या लोकांचे काय? मच्छिमार सोसायटीत आपले नाव नसते, हे खरे. ग्रामसभेत मात्र असते. किनाऱ्यावरच्या गावात हा विषय ग्रामसभेपुढे येईल तेव्हा आपली माणसे मागच्या ओळीत गप्प बसतात, कारण हा आपला विषय नव्हे असे त्यांना वाटते. यंदाच्या वर्षावासात वाचन रोहिणीच्या प्रकरणापर्यंत येईल त्या दिवशी किनाऱ्यावरच्या विहारांनी एखाद्या रापणकराला आणि एखाद्या मासळीवालीला बोलवावे, आणि त्या पाच जणांत कोण असावे हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. सिद्धार्थाचा तो ठराव शाक्यांच्या सभेत बहुमताने पडला होता, हेही त्यांना वाचून दाखवावे.